मुलाला सुरात गायला शिकवायचंय? आधी खर्चाचा हिशेब करा

मूल बेसूर गातं म्हणून लगेच पेटी विकत घेऊ नका. सूर आधी कानात बसतो, मग गळ्यात. कान तयार करायला पहिले तीन महिने फारसे पैसे लागत नाहीत. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, तुम्ही कुठेही राहत असा, क्लास लावण्याआधी एवढं वाचा.

घरी, फुकट : मोबाइलवर तानपुऱ्याचं मोफत ॲप घ्या. रोज दहा मिनिटं, मुलाला झेपेल त्या पट्टीत ‘सा’ लावा. आधी नुसतं ऐकू द्या, मग गुणगुणू द्या, मग मोकळ्या आवाजात. हाक मारल्यावर मूल लक्ष देत नसेल, टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर कान तपासून घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. त्यांची तपासणी मोफत असते.

गावातलं भजनी मंडळ : इथे फी नसते आणि कान तयार होतो. फक्त पट्टी मोठ्यांच्या गळ्याची असते. मुलाला ओरडावं लागत असेल तर हातात टाळ द्या आणि ऐकू द्या. ताणून गायल्याने आवाज तयार होत नाही, घसा बसतो.

क्लासची फी : महिन्याचा आकडा पाहू नका, मुलाच्या वाट्याला येणारी मिनिटं मोजा. समजा, आठवड्यात दोन तास आहेत. वीस मुलांच्या वर्गात फी 400 रुपये, सहा मुलांच्या वर्गात 600. पहिल्या वर्गात एका मुलाला तासाला 3 मिनिटं मिळतात, दुसऱ्यात 10. म्हणजे 400 चा वर्गच महाग पडला. पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा : गुरुजी एकेका मुलाकडून सूर लावून घेतात का? मुलासाठी पट्टी बदलतात का? नसेल, तर दुसरीकडे जा.

जाण्या-येण्याचा खर्च : एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांनाही अर्धं. आई आणि मूल मिळून एकाच तिकिटाचे पैसे लागतात. 75 वर्षांवरचे आजोबा सोबत गेले तर त्यांचा प्रवास मोफत. त्यांचं आधार कार्ड जवळ ठेवा.

छुपे खर्च : प्रवेश फी, वह्या-पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा ड्रेस, कार्यक्रमाचं चित्रीकरण. हे सगळं आधीच विचारा आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. ‘अमुक दुकानातूनच पेटी घ्या’ असा आग्रह झाला तर थांबा. पहिल्या वर्षी पेटीची गरज नाही.

परीक्षा : अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा ‘प्रारंभिक’. तिला लेखी पेपर नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होतात : एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मंडळाचं शुल्क किती आणि क्लासने वर किती लावले, हे वेगवेगळं लिहून मागा. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर प्रवासाचे पैसे धरा. फॉर्मवर नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीप्रमाणेच लिहा. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळतात. तेव्हा नावातली एक चूकही हेलपाटे घालायला लावते. सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा.

ऊसतोडीला जाणार असाल तर : वर्षाची फी एकदम भरू नका, ‘सवलत’ कितीही मोठी असली तरी. दिवाळीनंतर तुम्ही कारखान्यावर, मग पैसे परत मिळत नाहीत. महिन्याचीच फी ठरवा. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर क्लास चालू ठेवा. सोबत येणार असेल तर कोपीतही मोबाइलवरचा तानपुरा लागतो.

‘महिन्याभरात सुरात गाऊन दाखवू’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रोजची दहा मिनिटं मात्र चुकवू नका. त्यांच्याऐवजी पैसे मोजून चालत नाही.