युक्ति आणि योजना: जामखेडचा एक पाठ

कामांत डोकें चालवावें असें आपण एकमेकांस नेहमीं सांगतों. पण डोकें चालवावें म्हणजे नेमकें काय करावें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, नवी युक्ति सुचणें ही देणगी एकाद्यासच मिळते, व बाकीच्यांनीं मळलेल्या वाटेनें चालावें. आम्हांस तें खरें वाटत नाहीं. युक्ति बहुधा एका साध्या प्रश्नांतून निघते: ज्या रीतीनें आपण हें काम करीत आहों, तिनें मूळ हेतु साधतो काय? ह्या पाठासाठीं दूरचें उदाहरण शोधावें लागत नाहीं. तें आपल्याच अहमदनगर जिल्ह्यांतलें आहे, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे ह्या उभयतांचें शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. १९६२ पासून कांहीं वर्षें त्यांनीं नेवासे तालुक्यांतील वडाळा येथील मिशन इस्पितळांत काम केलें. तेथें एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. रोगी बरे होऊन घरीं जात, आणि टाळतां येण्याजोगीं तींच दुखणीं घेऊन पुनः येत. औषध चांगलें होतें, मेहनतहि कमी नव्हती. पण दुखण्याचें मूळ गांवच्या पाण्यांत व रिकाम्या टोपल्यांत होतें, इस्पितळाच्या भिंतींआड नव्हतें. दुसऱ्या कोणी आणखी एक खोली बांधली असती, व त्यांत कोणी दोषहि काढला नसता. हीं उभयतां अमेरिकेस गेलीं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९७० सालीं अवर्षणानें गांजलेल्या जामखेडास येऊन समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रथम त्यांनीं लोकांस विचारलें कीं, तुम्हांस काय हवें? लोकांनीं औषध मागितलें नाहीं. अन्न आणि पाणी मागितलें. औषधें देण्यास आलेल्या मनुष्यास असें उत्तर ऐकून घेणें जड जातें. त्यांनीं तें ऐकलें व आपला बेत त्याप्रमाणें फिरविला. गांवकऱ्यांशीं ओळख वाढावी म्हणून व्हॉलीबॉलचा खेळ मांडला. सभा बोलाविली असती तर प्रत्येक जात आपापल्या जागीं बसली असती. चेंडूस मात्र जात ठाऊक नसते. खेळ संपल्यावर गोष्टी निघत, आणि पुढें गांवोगांव शेतकऱ्यांचीं मंडळें उभीं राहिलीं.

आतां पाण्याचें पहा, कारण ह्या पाठाचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्या दिवसांत कूपनलिका खोदावयाच्या होत्या, आणि प्रश्न उभा राहिला कीं, त्या कोठें घ्याव्या? गांवाची रीत अशी कीं, विहीर सवर्णांची, आणि दलित बायांनीं लांब उभें राहून कोणी घागरींत पाणी ओतील म्हणून वाट पाहावी. प्रकल्पानें कूपनलिका मुद्दाम दलित वस्तींत घेतल्या. ज्यास पाणी हवें त्यानें तेथें यावें. व्याख्यान नाहीं, भांडण नाहीं. बुरूज बांधणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दाखला आपणांस पाठ आहे. येथें खर्चाबरोबर जागेचाहि हिशेब झाला. कोणी म्हणेल, हा कावा होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाणी सर्वांस मिळालें, कोणाचें कांहीं हिरावलें नाहीं, आणि जें केलें तें उघड्यावर केलें. ज्या युक्तीनें एकाचें भरतें आणि दुसऱ्याचें रितें होतें, तिला आम्ही खुशाल कावा म्हणूं.

सर्वच बेत पार पडले असें मात्र नाहीं. आरंभीं शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या परक्या ठरल्या; त्यांस गांव रुचेना आणि गांवास त्यांचें बोलणें पटेना. तेव्हां गांवांतल्याच बाया निवडण्यांत आल्या. पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्या ठरल्या दिवशीं जामखेडास येत, शिकत, आणि शिकलेलें गांवीं नेत. जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, मुलाचें वजन कसें पाहावें, बाळंतपण स्वच्छतेनें कसें करावें, हें त्या आपल्याच बोलींत शेजारणीस सांगत. शेजारीण ऐके, कारण सांगणारी तिच्यासारखीच भाकरी थापणारी व मुलें वाढविलेली होती. विद्वानांस हें पटण्यास वेळ लागला. पण १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें काढलेल्या पुस्तकांत जामखेडच्या कामाचा वृत्तांत आला, आणि १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं ह्या गांवांतील दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९९३ पर्यंत हा आंकडा १९ वर आला. मेबलबाई १९९९ सालीं व डॉक्टरसाहेब २०११ सालीं निवर्तले.

उपदेशक बंधूंनीं पुढील सभेंत मंडळीपुढें हे प्रश्न ठेवावे. आपल्या गांवांत तेंच दुखणें, तेंच कर्ज किंवा तेंच भांडण कोणत्या घरीं दुसऱ्यांदा आलें आहे? तें येऊं नये म्हणून आपण काय केलें, आणि तें आल्यावर काय केलें? ह्या कामीं गांवांतील कोणास अद्याप कोणी विचारलेलेंच नाहीं? उत्तरें वहींत लिहून घ्यावीं, आणि ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचीं आधीं घ्यावीं.