नाशिकचा बुधवारचा बाजार : शेतकऱ्याने तो कसा पाहावा

बाजारास जाणे ही गोष्ट शेतकऱ्यास नवी नाही. परंतु बाजार पाहणे ही निराळी गोष्ट असून ती आपणांपैकी फार थोडे लोक करतात. माल उतरविला, लिलाव झाला, हिशेबपट्टी खिशात घातली, वाटेत चहा घेतला व घर गाठले, इतकाच बहुतेकांचा बाजाराशी परिचय असतो. आम्ही स्वतः यास अपवाद नव्हतो. महसूल खात्यात कारकुनी करीत असता कोणत्या गटात किती गुंठे मेथी व किती गुंठे कांदा, याच्या नोंदी आम्ही वर्षानुवर्षे लिहिल्या. पण त्या मेथीची जुडी पुढे कोणाच्या हाती कोणत्या भावाने पडते, हे आम्हास सेवानिवृत्तीनंतर गोदाघाटावर गोणपाट टाकून बसल्यावरच कळले. ती हकीकत आपल्या संघाच्या सभासदांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

नाशिक हे समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या पूर्वेस वसलेले शहर आहे. नऊ टेकांवर वसलेले गाव असे जुने लोक सांगतात, व जुनी गढी, म्हसरूळ टेक ही नावे अद्याप तोंडी आहेत. कोकणातून थळ घाट चढून देशावर येणारी वाट याच टापूतून जाते, त्यामुळे येथील देवघेव फार प्राचीन आहे. पांडवलेण्यांतील एका शिलालेखात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविल्याची नोंद आहे. पैकी 2000 वर दरमहा शेकडा 1 व 1000 वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते, व त्या व्याजातून भिक्षूंचा वस्त्रादी खर्च भागावयाचा होता. म्हणजे सालिना 12 टक्के व 9 टक्के. मुद्दल कोणाकडे, दर काय व व्याज कोणत्या कामी लावावयाचे, हे सारे दगडावर कोरलेले आहे. आम्ही जन्मभर दप्तर सांभाळले, परंतु इतकी स्वच्छ नोंद क्वचितच पाहिली.

असो. बुधवारचा आठवडे बाजार गोदावरीच्या काठी, गाडगे महाराज पुलाच्या आसपास भरतो. नाशिककर नदीस गंगा म्हणतात, म्हणून 'गंगेवर बाजारास चाललो' असे म्हटले की समजणारास समजते. रविवार कारंजाकडून उतरत आल्यास वाटेत सराफ बाजार व भांडीबाजार लागतात. भांडीबाजारातील तांब्यापितळेची दुकाने नाशिकची जुनी कीर्ती राखून आहेत. पण तेथे रेंगाळून उपयोग नाही, कारण तांबे दुपारीही तसेच राहते व भाजी राहत नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावरील पथाऱ्या उचलाव्या लागतात. दुतोंड्या मारुतीच्या पायांस पाणी लागले की गुडघ्यास, मग कमरेस, असे पाहून लोक पुराचा अदमास घेतात. 1969, 2008 व 2016 या सालांचे पूर घाटावरील दुकानदार विसरलेले नाहीत. सबब आषाढ-श्रावणात माल तोडण्यापूर्वी धरणाच्या पाण्याची बातमी घ्यावी.

या बाजारात प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे माप. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूंच्या बायका नागली, वरई, खुरासणी घेऊन येतात. वजने 1956 च्या कायद्याने बदलली व 1962 पासून किलोग्रॅम सक्तीचा झाला. जुना मण 40 शेरांचा, म्हणजे 37 किलो 324 ग्रॅमचा होता. पण वजनाचा शेर निराळा व मापाचा शेर निराळा, आणि चार शेरांची पायली हे धान्याचे माप खेड्यापाड्यांतील तोंडून अजून गेलेले नाही. मापात खरी गोम शिगेची असते. भांड्याचे तोंड जितके रुंद तितकी शीग मोठी बसते, मग पोटात धान्य तितकेच का मावेना. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावचा एक व्यापारी आमच्या मातोश्रींकडून बाजरी घेताना पसरट पायली काढी, व आम्हास तूर देताना उभट. दोन्ही मापे खरीच होती. मातोश्रींस अक्षरओळख नव्हती, पण पुढील खेपेस त्यांनी घरची पायली पदराखाली नेली व तिने मोजून देईन तरच बाजरी देईन असे सांगितले. आज तराजू विद्युत् काट्याचा झाला आहे, तरी त्यावर वैधमापन खात्याची चालू मुदतीची मोहोर आहे किंवा नाही, आणि रिकाम्या पारड्यास आकडा शून्य दिसतो किंवा नाही, हे पाहण्यास पैसा पडत नाही.

आता भावाकडे वळू. फडक्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल मोडून उघड लिलाव व्हावा, म्हणून मुंबई इलाख्यात 1939 साली व पुढे महाराष्ट्रात 1963 साली कायदे झाले. जुलै 2016 पासून फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यासही मोकळीक मिळाली, व आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. ही मोकळीक मिळाल्यावर पुष्कळांस वाटले की, आता मधला माणूस टाळून थेट गिऱ्हाइकास विकले की नफा आपलाच. आम्हासही तसेच वाटले होते.

आमच्या पुतण्याने अर्धा एकर मेथी केली होती. मंगळवारी सायंकाळी त्याने 600 जुड्या लिलावास नेल्या. पालेभाजीचा भाव येथे जुड्यांच्या शेकड्यावर होतो. त्या दिवशी शेकडा 250 मिळाला व 1500 रुपये हाती आले. गाडीभाडे 300 गेले. मागे 120 जुड्या उरल्या होत्या. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हटले, उद्या बुधवार आहे, या आपण स्वतः विकू. सूनबाई व आम्ही पहाटे निघालो. दुपारपर्यंत 70 जुड्या दहा रुपयांप्रमाणे गेल्या, नंतर 30 पाचांनी काढल्या, 20 सुकल्या त्या गाईस घातल्या. एकूण 850 रुपये झाले. घरी येताच आम्ही वहीत लिहिले : लिलावात 120 जुड्यांचे 300, बाजारात 850, नफा 550. आणि ती वही पुतण्यापुढे धरली.

सूनबाई चूल पेटवीत होती. ती म्हणाली, "मामंजी, जाण्यायेण्याचे भाडे लिहिले का?" ते लिहिले नव्हते. भाडे व जागेचा किरकोळ खर्च मिळून 150 झाला होता. "आणि आपण दोघे दिवसभर बसलो ते?" यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही हिशेब पुन्हा मांडला, तो असा. बाजाराचे 850, त्यातून 150 वजा जाता 700. लिलावाचे 300, त्यातून गाडीभाड्याचा पाचवा हिस्सा 60 वजा जाता 240. फरक 460. गावात त्या वेळी रोज 300 होता. दोन माणसांचे 600. म्हणजे 550 नफा नव्हे, 140 तोटा. तोडणीची व बांधणीची मजुरी दोहोंकडे सारखीच, म्हणून ती धरली नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्यांच्या वहीत घरच्या बाईचा दिवस फुकट पडावा, याची आम्हास लाज वाटली. तोटा मेथीने केला नव्हता. एका माणसाचे काम दोघांनी केले होते, व एकाच जिनसाकरिता दिवस घालविला होता. सूनबाई एकटीच बसती तर 300 वजा जाऊन 160 शिल्लक राहिले असते.

दुसरी गोष्ट शेजारच्या पथारीवरून कळली. पेठकडील एक वृद्ध बाई नागलीबरोबर शेवग्याच्या शेंगा, लिंबे व रानातील भाजी मांडून बसली होती. तिने दुपारी आमच्या मेथीच्या ढिगाकडे पाहून म्हटले, "भाऊ, एकच भाजी मांडली तर गिऱ्हाईक एकदाच वाकतं. चार मांडल्या तर चारदा वाकतं." तिने सर्व जुड्या एकदम उघड्या मांडण्यास मना केले. ओल्या गोणपाटाखाली ढीग झाकून दहा-दहा जुड्या वर काढाव्या, म्हणजे शेवटची जुडीही पहिलीसारखी दिसते. आम्ही सकाळी साऱ्या मांडल्या होत्या, व दुपारच्या उन्हाने त्यांचा भाव पाचावर आणला होता. मावशींनी आमच्याकडून या सल्ल्याचे काही घेतले नाही. उलट नागलीचे माप भरून वर हाताने शीग केली व आम्हास दिले. तीच नागली पुढे आम्ही पावसाळ्यात बांधाकडेच्या हलक्या वावरात टाकून पाहिली.

पुढील बुधवारी सूनबाई एकटी गेली. मेथी 40 जुड्या, कांद्याची पात, गावठी कोथिंबीर, लिंबे व घरच्या परसातील शेवगा असा माल होता. मोठा ढीग पूर्ववत् लिलावासच गेला, कारण 600 जुड्या घाटावर विकणे हे एका माणसाचे काम नव्हे, आणि तशी आशा कोणी धरू नये. संध्याकाळी ती परतली तेव्हा पाटीत सात लिंबे होती. आम्ही वही काढली. या खेपेस तीत एक रकाना वाढविला होता व त्यास 'घरची मजुरी' असे नाव दिले होते. तिने ते वाचले, आणि रकान्याच्या माथ्यावर आपले नाव घालावयास सांगितले. ते घातले आहे.