गंगाराम कांबळे यांचा चहा आणि आमची खानावळ

इंजिनिअरिंगला आलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, सबमिशन शेवटच्या रात्रीच होतं. आणि दोन, त्या रात्री भूक दुप्पट लागते! आमची मेस नऊला बंद. त्यानंतर मॅगी, पार्लेजी, नाहीतर रूममेटच्या घरून आलेला चिवडा (तोही तो झोपल्यावर!).

हॉस्टेलपासून दोन मिनिटांवर एक खानावळ आहे. चार टेबलं, एक मावशी, हाताखाली एक मुलगी. भाकरी, पिठलं, उसळ, बुधवारी-रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा. चव? नाद खुळा! तरीही टेबलं रिकामी. एकदा मावशी म्हणाल्या, "पोरांनो, रात्री बारापर्यंत चालू ठेवावं म्हंते. पण गिऱ्हाईक न्हाई आलं तर? दोन महिन्याचं भाडं थकलंय. दिवाळीपर्यंत बघते, न्हाईतर बंद करते."

आपण इंजिनिअर. म्हटलं, हा प्रॉब्लेम सोडवूया. त्या सोडवणुकीत मी जे शिकलो ते या लेखात मांडतो.

1) आधी गणित

जास्त तास म्हणजे जास्त धंदा, असं आपण सहज धरतो. पण तास वाढले की खर्च लगेच वाढतो आणि गिऱ्हाईक सवडीने येतं. समजा, रात्री नऊ ते बारा चालू ठेवायला मदतनीसाचे 300, गॅसचे 150 आणि लाईटचे 50, असे रोज 500 रुपये जादा लागतात. थाळी 100 रुपयांची, तिच्यात सामानाचे 60 गेले, तर हातात उरले 40. आता 500 भागिले 40 म्हणजे साडेबारा. अर्धा माणूस जेवायला येत नाही, म्हणून तेरा. रोज रात्री तेरा पानं उठली तर धंदा ना नफा ना तोटा यावर येतो. चौदाव्या पानापासून भाडं फिटायला सुरुवात.

म्हणजे खरा प्रश्न तासांचा नव्हताच, तो तेरा माणसांचा होता.

2) मग कायदा

एक मित्र म्हणाला, "भावा, रात्री हॉटेल चालवायला परवानगी नसते." बरोबर, पण हे जुनं झालं. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात उपाहारगृह पहाटे 5 च्या आधी उघडायचं नाही आणि रात्री 12 नंतर चालू ठेवायचं नाही, असं बंधन होतं. त्या जागी महाराष्ट्राचा 2017 चा नवा कायदा आला आणि 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. त्याने दुकानं, खाणावळी आठवड्याचे सातही दिवस आणि चोवीस तास उघड्या ठेवायची वाट मोकळी केली. दारू देणाऱ्या ठिकाणांच्या वेळा मात्र वेगळ्या ठरवलेल्या आहेत.

पण दुकान चोवीस तास उघडं राहू शकतं, माणूस नाही. कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते आणि जादा तासांना दुप्पट दराने मजुरी. मावशींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या पोरीला मी रात्रीचं राबवणार न्हाई. दुसरं माणूस बघू." म्हणूनच वरच्या हिशोबात मदतनीसाचे 300 वेगळे धरलेत.

3) गिऱ्हाईक का येत नाही?

आम्ही हॉस्टेलवर विचारत फिरलो. उत्तरं ठरलेली. "लांब पडतं." (दोन मिनिटं!) "चव आपली नसेल." शेवटी एका सिनिअरने आवाज खाली आणून विचारलं, "मावशी नेमक्या कुठल्या?"

हा प्रश्न गावाचा नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. आणि मी काय केलं? "माहीत नाही" म्हणून विषय बदलला. वहीत लिहिलं, 'कारण : अंतर'. खोटं रीडिंग घेऊन ग्राफ काढण्यातला हा प्रकार!

चवीचं कारण तर टिकतच नाही. आपण ज्या बाजरीची भाकरी संक्रांतीला तीळ लावून खातो, ती बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेतली. आजच्या माली देशाच्या परिसरात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती लागवडीत होती आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडे आली. चवळीही आफ्रिकेचीच. सेनेगल, मालीकडे शेंगदाण्याची दाट आमटी करून भातावर घेतात, तिला माफे म्हणतात. शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय ज्यांची भाजी होत नाही त्यांना ती परकी वाटायचं कारण नाही. पण उद्या एखाद्या सेनेगलच्या माणसाने राजारामपुरीत खानावळ काढली, तर आपण दारातच थबकू. जिभेला अडचण नसते, अडचण उंबऱ्याला असते.

4) भाऊसिंगजी रोडवरचं हॉटेल

हा उंबरा कोल्हापुरातच एकदा ओलांडला गेला आहे. गोष्ट शंभर वर्षांहून जुनी. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना सवर्णांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. तरी गिऱ्हाईक येईना. हे कळल्यावर महाराज आपली गाडी हॉटेलसमोर थांबवू लागले. स्वतः चहा मागवून पीत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही तोच चहा पाजत. छत्रपतींनी घेतलेल्या चहाला नाही कोण म्हणणार? पुढे गंगारामांना सोड्याचं मशीनही महाराजांनी घेऊन दिलं, असं सांगतात.

महाराजांनी 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. पण हुकूम काढणारा राजा चहाला स्वतः येऊन बसत होता, हे मला जास्त मोठं वाटतं. हुकुमाने दार उघडतं, पण आत कुणीतरी आधी जाऊन बसावं लागतं. 1922 मध्ये महाराज गेले. 1925 मध्ये त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभारलं, ते याच गंगारामांनी आपल्या समाजबांधवांसह.

आणि आपण हॉस्टेलवाल्यांनी हे विसरून कसं चालेल? 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला-जेवायला जागा मिळाली तर तो शिकेल, हे या गावाने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं.

5) मग आम्ही काय केलं?

मी वहीतलं 'अंतर' खोडलं आणि खरं कारण लिहिलं. पाच जण रोज रात्री मावशींकडे, दारातून दिसेल अशा टेबलावर बसायला लागलो. कुणाला भाषण दिलं नाही. रेक्टर सरांना अर्ज केला, सबमिशनच्या आठवड्यात गेट साडेअकरापर्यंत उघडं ठेवावं. सरांनी पहिल्यांदा आमच्याकडे नुसतं बघितलं, मग आठवडाभराची परवानगी दिली.

तिसऱ्या रात्री आमच्या डिपार्टमेंटचे एक सर स्कूटर लावून आत आले. भाकरी-पिठलं मागवलं आणि आमच्याच टेबलावर बसले. व्हायव्हाचा विषय काढला नाही हे त्यांचे उपकार! दुसऱ्या दिवशी त्या टेबलाची बातमी सगळ्या विंगमध्ये. त्या रात्री नऊ पानं झाली. 'नेमक्या कुठल्या' विचारणारा सिनिअर अजून आलेला नाही. पण त्याचा रूममेट आला आणि जाताना दोन भाकरी बांधून घेऊन गेला. त्या कुणी खाल्ल्या, ते आम्ही विचारलं नाही.

कॉलेजच्या स्टाफला एवढीच विनंती, की तुम्ही एकदा येऊन बसा. आमच्या पन्नास पोस्टरनी होणार नाही ते तुमच्या एका थाळीने होईल. मित्रांनो, तुम्हालाही तेच सांगणं आहे.

परवा रात्री अकरा पानं झाली. तेरा व्हायला दोनच कमी आहेत.