गिटारचा डबा आणि तंबोऱ्याची जवारी



गेल्या महिन्यात आपल्या गायकवृंदातील तरुणांनी माझ्याकडे एक अर्ज दिला. मागणी एकच होती : इलेक्ट्रिक गिटारसाठी 'मॉडेलर' घ्यावा. तो वाचून पॅरिश कौन्सिलमधल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "फादर, गिटार आहे, मिक्सर आहे, भिंतीवर चार स्पीकर आहेत. मग मध्ये हा आणखी कसला डबा?" प्रश्न रास्त आहे. पैसा गायकवृंदाच्या निधीतला, म्हणजे कॅरलच्या फेरीत तुमच्याच घरांतून जमलेला. म्हणून या रविवारचे अभ्यासाचे पान मी या डब्याला देत आहे. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पण गेले काही आठवडे वाचले, नांदेड-लातूरच्या वाजवणाऱ्या मुलांशी बोललो, आणि विषय वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला.

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आठवून पाहा. गौरवगीताला गिटार सुरू झाली आणि मागच्या बाकांवरच्या आज्यांनी पदर कानावर घेतला. आवाज कसा होता? मोहोळ उठल्यासारखा. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने पायाखालचे एक छोटे पेडल लावले होते आणि त्याची वायर थेट मिक्सरमध्ये खोचली होती. इथेच गंमत आहे. इलेक्ट्रिक गिटार ज्या खास स्पीकरमधून वाजवतात तो बहुधा बारा इंची असतो आणि तो मुद्दामच 'अर्धबहिरा' असतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर तो जवळजवळ गिळून टाकतो. आपले भिंतीवरचे स्पीकर मात्र प्रवचन स्पष्ट ऐकू यावे म्हणून लावलेले. ते काहीच गिळत नाहीत. पेडलमधून निघालेली सगळी करकर त्यांनी इमानेइतबारे तुमच्या कानापर्यंत पोहोचवली.

म्हणजे गिटारचा अँप हा नुसता आवाज मोठा करणारा डबा नाही. तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. हे समजायला आपल्याकडचे उदाहरण घेऊ. तंबोरा लावताना घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी बसला की तार घोडीच्या पाठीला हलकेच स्पर्श करत थरथरते आणि एका स्वरातून अनेक स्वर झिरपू लागतात. हीच जवारी. तिच्याशिवाय तंबोरा मुका. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या भोपळ्याचे तंबोरे घडवून याच जवारीवर नाव कमावले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शुद्धतेच्या हिशेबाने जवारी ही एक प्रकारची भेसळच आहे. पण हवीहवीशी भेसळ.

गिटारच्या जुन्या अँपमधले व्हॉल्व्ह नेमके हेच करतात. (व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला दोन मिनिटे लागत, हे आपल्यातल्या आजोबांना आठवत असेल. तेच ते व्हॉल्व्ह.) तार हलकी छेडली तर आवाज स्वच्छ येतो. जोरात छेडली की व्हॉल्व्हची ताकद संपते, ध्वनिलाटेचा माथा हळुवार चेपला जातो आणि त्या चेपण्यातून मूळ स्वराच्या सोबतीला वरचे स्वर जन्माला येतात. वादकाच्या बोटाला हा फरक कळतो. म्हणून तो अँपशी बोलत बोलत वाजवतो.

अडचण अशी की ही जवारी नीट लागते ती अँप ताणला गेल्यावर, आणि अँप ताणायचा म्हणजे आवाज मोठा करायचा. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब नावाचा प्रसिद्ध अँप ८५ वॅटचा आणि सुमारे २९ किलो वजनाचा. तो मैदानात शोभतो. आपल्या चर्चमध्ये तो खऱ्या अर्थाने 'उघडला', तर स्तोत्राचा एक शब्द ऐकू येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, आणि पवित्र कार्याला साजेशी असतील तर अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही दार उघडले. पुढे १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्राने अट स्पष्ट केली : वाद्याने गायनाला आधार द्यावा, शब्द कळणे कठीण होईल इतके आवाजांवर स्वार होऊ नये. ही अट गिटारलाही आहे, ढोलकीलाही आहे आणि आपल्या कीबोर्डलाही आहे. (कीबोर्डवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

आता डब्याकडे येऊ. मॉडेलर म्हणजे एक छोटा संगणक. गिटारमधून येणारी विजेची लाट तो सेकंदाला ४८,००० वेळा, काही यंत्रांत ४४,१०० वेळा, मोजतो आणि तिचे आकड्यांत रूपांतर करतो. अमुक व्हॉल्व्ह, अमुक स्पीकर, त्यापुढे अमुक माइक असता तर ही लाट कशी बदलली असती, याचा हिशेब करून तो आकड्यांतून पुन्हा आवाज बनवतो. जपानच्या रोलँडने १९९५ मध्ये व्हीजी-८ काढला. अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीचा १९९८ चा पॉड हा राजम्याच्या दाण्यासारखा लाल डबा घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचला. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स, २०११ मध्ये जर्मनीचा केम्पर, २०१५ मध्ये लाइन सिक्सचाच हीलिक्स. आता तर न्यूरल अँप मॉडेलर नावाची प्रणाली फुकट मिळते. ती संगणकाला खरा अँप ऐकवून ऐकवून 'शिकवते'.

यातला स्पीकरचा भाग समजायला सोपा आहे. रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण भिंती, छप्पर, बाके तिला उत्तर देत राहतात. ते उत्तर म्हणजे त्या वास्तूची सही. ती नोंदवून ठेवली, तर कोरड्या खोलीत गायलेले गीतही त्या वास्तूत गायल्यासारखे ऐकवता येते. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इस्तंबूलच्या हागिया सोफियात फुगे फोडून त्या वास्तूचा निनाद असाच नोंदवला. तो दहा सेकंदांहून अधिक टिकतो. मग कापेला रोमाना या गायकवृंदाने त्या निनादात गायलेला संग्रह २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉडेलर हाच प्रयोग बारा इंची स्पीकरच्या खोक्यावर करतो. नाताळच्या रात्री आपल्याकडे जे नव्हते ते नेमके हेच.

व्हॉल्व्हचा भाग मात्र अवघड. टाळीला भिंत नेहमी एकसारखे उत्तर देते. व्हॉल्व्ह हलक्या बोटाला एक आणि जड बोटाला दुसरे उत्तर देतो. केम्परसारखी यंत्रे म्हणूनच खऱ्या अँपमधून कमीजास्त जोराचे चाचणीचे आवाज सोडतात आणि बदलत्या उत्तरांचा नकाशा काढतात. इथे मला ॲरिस्टॉटल आठवल्याशिवाय राहिला नाही. इंद्रियांना वस्तूचे ज्ञान कसे होते हे सांगताना तो मुद्रेच्या अंगठीचा दाखला देतो. मेण अंगठीचा ठसा घेते, पण तिचे लोखंड किंवा सोने घेत नाही. रूप येते, द्रव्य मागे राहते. सेमिनरीत हा दाखला पाठ केला होता. तो गिटारच्या डब्यात भेटेल असे वाटले नव्हते. मॉडेलर अँपचे रूप घेतो. काच, तापलेली तार, एकोणतीस किलोंचे वजन, हे सगळे मागे राहते.

पण ठशाची मर्यादाही त्याच दाखल्यात आहे. अंगठी ज्या कोनात दाबली तेवढाच ठसा उमटतो. खऱ्या अँपची बटणे एका ठिकाणी ठेवून घेतलेली प्रतिमा त्या ठिकाणापुरतीच खरी. बटण फिरवले की यंत्राला अंदाज करावा लागतो. प्रत्येक सुट्या भागाचे गणित मांडणारे मॉडेलर इथे सरस ठरतात, पण त्यांनाही त्या गणिताचा भार वाहायला जास्त ताकदीचा संगणक लागतो. शिवाय खरा अँप शेजारी उभा असतो. त्याच्या आवाजाने गिटारची तार पुन्हा थरथरू लागते आणि स्वर लांबतो. कानात इयरफोन घालून वाजवणाऱ्याला हा अनुभव नाही. जुने वादक "काहीतरी कमी आहे" म्हणतात ते केवळ हट्टाने नव्हे. मात्र ही उणीव वाजवणाऱ्याला जेवढी जाणवते तेवढी ऐकणाऱ्याला नाही, असे माझे मत झाले आहे.

मुंबईतील एका वादकाची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि बास वाजवणारे कलावंत. रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस टीबी-३०३ नावाचे यंत्र काढले होते. हेतू असा की बास गिटार वाजवणारा नसेल तर यंत्राने त्याची जागा घ्यावी. नक्कल इतकी कच्ची निघाली की १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्येच त्या यंत्राकडून बास गिटारची नक्कल मागण्याऐवजी त्यावर राग बसवले आणि दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे संगीतप्रेमी चकित झाले, कारण पुढे अमेरिकेत ज्या नृत्यसंगीताचा गाजावाजा झाला त्याची चाहूल त्यांना मुंबईत सापडली. यंत्र तेच. कंपनीने त्याला बास गिटार व्हायला सांगितले होते. या माणसाने त्याला ते जे होते तेच राहू दिले.

प्रत्यक्ष वापराचे म्हणाल, तर स्टुडिओ आणि चर्च यांच्या गरजा वेगळ्या आहेत. स्टुडिओत निवांतपणा असतो. गिटारचा मूळ कोरडा आवाज साठवून ठेवायचा, अँप नंतर निवडायचा, पटला नाही तर दुसरा. लातूरला एका मुलाने घरच्या खोलीत लॅपटॉपवर भक्तिगीते मुद्रित केली. शेजाऱ्यांना रात्री अकरा वाजता कळलेही नाही. लॅपटॉपवर एकच जपावे लागते, ते म्हणजे उशीर. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. अँपपासून दोन मीटरवर उभा असलेला वादक आपला स्वर सहा मिलिसेकंदांनी ऐकतोच, आणि त्याला ते खटकत नाही. चांगल्या मॉडेलरचा उशीर त्याच्या आसपास किंवा कमीच असतो. पण लॅपटॉपची मांडणी चुकली तर वीस मिलिसेकंदांच्या पुढे जाते आणि बोटे अडखळू लागतात.

चर्चमध्ये निवांतपणा नाही. तिथे मॉडेलरचा मोठा गुण हा की जवारी आणि मोठा आवाज यांची गाठ तो सोडवतो. गिटार गुरगुरेल, पण किती मोठ्याने हे मिक्सरवरचा माणूस ठरवेल. वजनाचा प्रश्न सुटतो. फेंडरनेच २०१९ मध्ये ट्विन रिव्हर्बचे डिजिटल रूप काढले ते सुमारे पंधरा किलोंवर आले, आणि नुसता मॉडेलर तर दप्तरात मावतो. उपकेंद्राच्या मिस्सेला मोटारसायकलवर नेता येईल. धोका एकच : शेकडो आवाज एका बटणावर मिळाले की मुले आवाज निवडत बसतात आणि गाण्याचा सराव राहतो. तसेच शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असते. गिटारची धारही तिथेच. तेवढा पट्टा गिटारमधून थोडा उतरवला तर स्तोत्र मोकळे होते. हे काम मॉडेलर करू शकतो, फक्त कोणीतरी ते बटण फिरवले पाहिजे.

एका ताईंनी मला वेगळाच प्रश्न केला : "फादर, वेदीवर आपण प्लास्टिकची फुले नको म्हणतो. मग नकली अँप कसा चालेल?" मी दोन दिवस यावर विचार केला. माझे उत्तर असे आहे. प्लास्टिकचे फूल कोणी न आणता, कोणी न बदलता तसेच उभे राहते; त्यात देणाऱ्याचे काही खर्च होत नाही. कीबोर्डचे आपोआप वाजणारे ताल किंवा मोबाइलवरून लावलेले साथसंगीत त्याच्या जवळ जाते, कारण तिथे वाजवणारा माणूसच नकली असतो. मॉडेलर मात्र बोट हलल्याशिवाय गप्प असतो. चुकीचा स्वर छेडला तर चुकीचाच स्वर देतो. तिथे नक्कल पेटीची आहे, वाजवणाऱ्याची नाही. ताईंना हे पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी इलेक्ट्रिक मेणबत्त्यांचा विषय काढला आणि मला मिस्सेची वेळ झाली.

तेव्हा निर्णय असा. महागडे यंत्र घ्यायचे नाही. लातूरचा एक वादक आपला साधा मॉडेलर दोन रविवारांसाठी उसना देणार आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर गायकवृंद तेच नाताळचे गौरवगीत दोनदा वाजवील, एकदा डब्याशिवाय आणि एकदा डब्यासह. साठीच्या पुढच्या सर्वांनी कृपया शेवटच्या चार बाकांवर बसावे. दारात कागद-पेन्सिल ठेवलेली असेल. गिटार आवडली की नाही हे लिहू नका. गीताचे किती शब्द कळले तेवढेच लिहा. चहा महिला मंडळाकडून.