कॅस्केड लिहिण्याआधी

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्या निमित्तानं निपाणीतल्या एका पतसंस्थेनं पत्ते सुधारले आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधलं सभासदांचं टेबल नव्यानं केलं. जुन्याबरहुकूम हवं म्हणून ‘क्रिएट टेबल’मधल्या ‘लाइक’ला ‘इन्क्लुडिंग ऑल’ जोडलं. जुनं टेबल तसंच राहिलं. आमच्या भागात जुनी वही कोणी टाकत नाही. पुढं कधीतरी कुणीतरी ते पुसलं आणि मला फोन आला : “सर, जुनं सगळं दिसतंय, नवा सभासद तेवढा घेईना झालंय की!”

पोस्टग्रेसमध्ये ‘सिरियल’ हा खरा प्रकारच नाही. तसं लिहिलं की पूर्णांकाचा साधा कॉलम, आकडे देणारा वेगळा सिक्वेन्स आणि त्याच्याकडे आकडा मागणारा डिफॉल्ट तयार होतो. सिक्वेन्सची मालकी त्या कॉलमकडे जाते. ‘इन्क्लुडिंग ऑल’नं डिफॉल्ट उतरतो, सिक्वेन्स नाही. नवं टेबल इतकी वर्षं शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरत होतं.

जुनं टेबल पुसताना पोस्टग्रेसनं अडवलं होतं. नव्या टेबलाचा डिफॉल्ट जुन्याच्या सिक्वेन्सवर अवलंबून आहे, असा स्पष्ट तपशील येतो. पण त्याच्याखाली कॅस्केडची, म्हणजे अवलंबून असलेलंही सोबत पुसण्याची, सूचनाही असते, आणि घाईतला माणूस तेवढीच वाचतो. कॅस्केडनं नव्या टेबलातली एकही ओळ जात नाही, फक्त डिफॉल्ट जातो. म्हणून पहिली नवी नोंद करेपर्यंत कळतच नाही.

असं झालंच तर नवा सिक्वेन्स करा, ‘सेटव्हॅल’नं तो सध्याच्या सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणा, मग डिफॉल्ट आणि मालकी जोडा. एकपासून सुरू केलात तर क्रमांक जुन्यांवर आदळतील. पुसण्याआधी लक्षात आलं, तर ‘ऑल्टर सिक्वेन्स’मधल्या ‘ओन्ड बाय’नं मालकी नव्या कॉलमकडे वळवणं पुरतं. शंका असेल तर ‘बिगिन’ म्हणून कॅस्केड चालवा, काय काय जातंय ते वाचा आणि ‘रोलबॅक’ करा. पण काउंटर बंद झाल्यावर, कारण तेवढा वेळ टेबलाला कुलूप लागतं.

२०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ‘आयडेंटिटी’ कॉलम आहे. नक्कल करताना त्याला स्वतःचा सिक्वेन्स मिळतो. नवीन कामात मी तोच वापरतो. जुन्या टेबलांसाठी ‘पीजी_गेट_सिरियल_सिक्वेन्स’ चालवून पाहा : डिफॉल्टमध्ये ‘नेक्स्टव्हॅल’ आहे, पण उत्तर रिकामं आलं, तर तो सिक्वेन्स त्या कॉलमच्या मालकीचा नाही.