वाळूचा घाट कागदावर असतानाच गाठा

वाळूचा हायवा गावात शिरला की गाव जागं होतं. तोवर घाटाचा गट नंबर, लांबी-रुंदी, खोली आणि ब्रास सगळं ठरून गेलेलं असतं. आमच्याकडे हेच झालं.

माझं रान पूर्णेकाठच्या शिवारात. बाजार आणि पोलिस ठाणं हट्ट्याला. पीक हळदीचं. घाटाचा लिलाव झाला तेव्हा कुणाची कुरकुर नव्हती. गावातल्या ट्रॅक्टरांना काम मिळेल, घरकुलांना वाळू मिळेल, असा हिशोब होता. सुरुवात सुरळीत झाली. पुढे दिवसा ट्रॅक्टर आणि रात्री जेसीबी, अशी पाळी लागली. पात्रात पुरुषभर खड्डे पडले, तळाला काळा चिखल उघडा पडला. शिवरस्त्याच्या चाकोऱ्या गुडघाभर खचल्या. हळदीची शेवटची पाणी राहिली होती आणि काठच्या विहिरी परस-दीड परस उतरल्या. मोटार जरा चालली की हवा ओढायची.

वाळूचा थर पुराचं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश काठाला पाझरवतो. थर गेला की पाणी वाहून जातं. त्यात पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं. वरून येणारी बरीचशी वाळू तिथंच अडते. ‘पुढच्या पुरात पात्र भरून निघेल’ हे आमच्या नदीबाबत गृहीत धरू नये.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा विचारणा झाली, घाट सुरू होण्याआधी विहिरीत पाणी किती होतं? गावाच्या दप्तरात तशी नोंद नव्हती. म्हणून नदीकाठच्या गावांना सांगणं आहे.

पहिली नजर जिल्हा सर्वेक्षण अहवालावर ठेवा. केंद्राच्या 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेनुसार कुठल्या पात्रातून किती वाळू काढता येईल, ते या अहवालात ठरतं. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 21 दिवस लोकांसाठी ठेवायचा असतो. आपलं गाव, गट नंबर आणि ब्रास त्यात शोधा. नळयोजनेची विहीर, बंधारा किंवा पूल जवळ असेल तर नकाशासह हरकत लिहून द्या.

ग्रामसभेच्या ठरावाकडे दुर्लक्ष करू नका. विषयपत्रिकेत घाटाचा विषय आहे का, ते आधी बघा. नुसतं ‘मंजूर’ लिहू देऊ नका; वाहतुकीचा रस्ता, कामाची वेळ, विहिरींपासूनचं अंतर आणि रस्तादुरुस्ती कुणाकडे, हे ठरावात उतरवा आणि प्रत घ्या.

‘लहान घाट आहे, याला कसली मंजुरी?’ असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा 27 फेब्रुवारी 2012 चा दीपक कुमार खटल्यातला आदेश सांगा. 5 हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रालाही पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीची प्रत मागा. खोली आणि हद्द तिच्यात लिहिलेली असते. पुढची प्रत्येक तक्रार त्या आकड्यांवर उभी राहते.

उपसा सुरू झाल्यावर रात्री एकट्यानं नदीत उतरू नका, वाहनं अडवू नका. वाळूच्या वादात महसूल कर्मचाऱ्यांवरही हल्ले झालेले आहेत. तारीख-वेळ उमटेल असे फोटो काढा आणि तहसीलदारांना लेखी कळवा. महसूल संहितेच्या कलम 48(7) नुसार बेकायदा उपशाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहन जप्तही होतं. तरीही हाललं नाही तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे. पण तिथं वाद साधारण 6 महिन्यांच्या आत न्यावा लागतो.

वाळू कुणालाच नको, असं नाही. राज्याच्या 2025 च्या धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे आणि ती गरिबाला मिळालीच पाहिजे. गावाची गरज आणि हायव्याची भूक वेगळी धरली, की ग्रामसभेतलं निम्मं भांडण मिटतं.

तेव्हा घाटाची चर्चा नसली तरी येत्या मे महिन्यात काठच्या विहिरींत दोरी सोडा, पाणी मोजा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरात चढवा. हरकतीला पैसा लागत नाही. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.