पाणी किती गरम ठेवायचं

वर्धा

चि. सोनू,

तू पाठवलेले बॉयलरचे फोटो मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. दुपारी रेडिएटरला हात लावता येत नाही, खिडक्या उघडाव्या लागतात आणि पहाटे मात्र बाळ गारठतं, असं तू लिहिलंस. तू सांगतेस त्यावरून बॉयलर बिघडलेला वाटत नाही. त्यातलं पाणी तुझ्या घराला लागतं त्यापेक्षा जास्त तापतंय. हे तुझं तुला नीट करता येईल. एक वही, खोलीतला थर्मामीटर आणि धीर एवढंच लागेल.

घराच्या उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून एक लहान डबी असेल. तो बाहेरच्या तापमानाचा सेन्सर. त्याच्यावर ऊन पडत नाही ना आणि तो खिडकीच्या किंवा चिमणीच्या उबेत नाही ना, हे आधी बघून ये. तो चुकीचं सांगत असेल तर पुढचं सगळं वाया जाईल. बाहेर किती थंडी असताना रेडिएटरकडे किती गरम पाणी सोडायचं, हे बॉयलर एका रेषेवरून ठरवतो. तिला तुमच्याकडे जर्मनीत हाइत्सकुर्वे म्हणतात. बाहेरच्या तापमानाप्रमाणे किंवा तशाच योग्य निकषावर आपोआप जुळवून घेणारं नियंत्रण मध्यवर्ती हीटिंगला असलंच पाहिजे, असा तिथे कायदा आहे. पण ती रेषा घराप्रमाणे बसवायचं काम राहूनच जातं. थंडीची तक्रार येऊ नये म्हणून ती बहुतेक वेळा चढीच ठेवलेली असते.

आपल्याकडचा कूलर आठव. नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडीठाक असते, तेव्हा तुझी आई पंप सतत चालू ठेवते आणि ताट्या ओल्याचिंब असतात. मृगाचा पाऊस पडून गेला की तोच पंप खोलीत नुसती उमस भरतो. मग ती पंप बंद करून खिडक्या उघडते आणि नुसत्या पंख्यावर भागवते. बाहेरची हवा पाहून ती हे बटण फिरवते. तुझ्या घरात तेच काम ही रेषा करते, फक्त तिला आधी तुझं घर ओळखायला लावलं पाहिजे.

तुझ्या फोटोत उतार, म्हणजे नायगुंग, १.४ दिसतो. एवढ्या उताराला बाहेर उणे १५ असेल तेव्हा पाणी साधारण ७० अंशांपर्यंत जातं. तुझे रेडिएटर मोठे आहेत आणि खिडक्या नव्या बसवल्यात, त्यामुळे त्याच थंडीला ६० पुरेल असं मला वाटतं. तसं धरलं आणि परतीचं पाणी ५० मानलं, तर बाहेर २ किंवा ३ अंश असताना, म्हणजे घराला निम्मीच ऊब लागते तेव्हा, पाणी सुमारे ४३ ठेवावं लागतं. सरळ रेषेनं मोजलं तर ४० येतं, पण रेडिएटरचं तापमान खोलीपेक्षा जितकं वर असतं ते निम्मं केलं की तो ऊब निम्म्याहून थोडी कमी देतो. म्हणून ही रेषा किंचित वाकलेली असते आणि आकडे मनानं लावू नयेत.

उताराशेजारी दुसरी खूण असते, पातळीची. उतार बदलला की कडक थंडीतलं पाणी जास्त हलतं. पातळी बदलली की सगळ्या दिवसांचं पाणी सारखंच वरखाली होतं. थंडी सौम्य असताना घर बरं आणि कडाक्यात गार पडत असेल, तर उतार वाढव. कडाक्यात बरं आणि सौम्य थंडीत गार वाटत असेल, तर पातळी थोडी वाढवून उतार कमी कर. नेहमीच गार असेल तर फक्त पातळी वाढव. आणि एकच खोली गार राहत असेल, तर रेषेला हात लावू नको. त्या रेडिएटरमध्ये पाणीच कमी जातंय. एका खोलीसाठी सगळं घर तापवणं हा मला सर्वांत मोठा अपव्यय वाटतो.

बैठकीच्या आणि बाळाच्या खोलीतले थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेव, नाहीतर तेच पाणी अडवतील आणि खरी रेषा तुला कधी कळणार नाही. मग उतार दर वेळी ०.१ ने कमी कर आणि त्यानंतर दोन दिवस काही करू नको. रोज एकाच वेळी बाहेरचं, पाण्याचं आणि खोलीचं तापमान लिहून ठेव. खोली २० च्या खाली जाऊ लागली की एक पाऊल मागे घे. ऊन तावदानातून आत येतं ते दिवस यात धरू नको.

दोन दिवस थांबायचं कारण भिंती. सेवाग्रामची बापू कुटी तू पाहिली आहेस. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. कुटी मातीची, वर कवेलूंचं छप्पर. मातीची जाड भिंत दिवसाची धग आत पोचायला वेळ लावते. तुझ्या जुन्या विटांच्या भिंतीही तशाच. म्हणून रात्री हीटिंग फार खाली नेऊ नको. भिंती निवाल्या की कोमट पाण्यानं त्या सकाळपर्यंत पुन्हा उबदार होत नाहीत, आणि पहाटे बाळ गारठण्याचं कारण बहुधा हेच असावं. रात्रीची कपात दोन अंशांवर आण.

या सगळ्याचा फायदा गॅसच्या बिलात दिसेल. तुझा बॉयलर कंडेन्सिंग आहे. परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच धुरातली वाफ आतल्या आत द्रवून तिची उष्णता हाती लागते, आणि जितकं खाली तितकी जास्त. पाणी उगाच तापत राहिलं तर ती वाफ चिमणीतून बाहेर जाते. पुढे कधी हीट पंप बसवलात तर कोमट पाण्याचं महत्त्व आणखी वाढेल.

एक गोष्ट मात्र अजिबात बदलू नको. नळाच्या गरम पाण्याच्या टाकीचं तापमान वेगळं असतं. ते ६० वरच राहू दे, कारण कोमट टाकीत लिजिओनेलाचे जंतू वाढतात आणि घरात लहान मूल आहे. पॅनेलवर कोणता आकडा टाकीचा आणि कोणता रेडिएटरचा, याची खात्री करूनच बटण दाब. खात्री नसेल तर फोटो पाठव, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो. वहीतले पहिल्या आठवड्याचे आकडेही पाठव.

तुझा मामा